लांब पळायला जाताना बॅगेत काय भरावं?



“मॅडम, एवढं लांब पळायला जाता, तर बरोबर औषधं कोणती नेता?” २०२३ च्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स मॅरेथॉन धावून आल्यापासून हा प्रश्न मला दवाखान्यात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतो. विचारणारे सगळेच धावपटू नसतात. कुणाला चारधामला जायचं असतं, कुणाला लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला, तर कुणाला पायी वारीला. म्हणून ठरवलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं. उदाहरण माझ्या शर्यतीचं असलं तरी त्यातलं बरंचसं तुम्हालाही उपयोगी पडेल.

आधी थोडं या शर्यतीबद्दल. पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्या सहकाऱ्यांची आठवण म्हणून व्हिक क्लॅफम या माजी सैनिकाने १९२१ साली ती सुरू केली. पहिल्या वर्षी ३४ जण धावले आणि १६ जणांनी ती पूर्ण केली. आता हजारो लोक धावतात आणि त्यात भारतीयही बरेच असतात. डरबन आणि पीटरमारिट्झबर्ग या दोन शहरांमधलं हे अंतर साधारण ८७ ते ९० किलोमीटर आहे. डरबन समुद्रकिनारी, पीटरमारिट्झबर्ग वर डोंगराळ भागात. त्यामुळे एखाद्या वर्षी शर्यत चढणीची असते, एखाद्या वर्षी उताराची. २०२३ ची उताराची होती. उतार म्हटलं की लोकांना सोपं वाटतं, पण मधल्या टेकड्या चढाव्याही लागतात आणि लांब उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंची अक्षरशः वाट लागते. वेळ मिळते बारा तास. बारा तास झाले की बंदुकीचा बार होतो. त्यानंतर एक सेकंद उशिरा आलात तरी पदक नाही.

आम्ही चौघे गेलो होतो. मी ५१ वर्षांची, तीन वर्षांपासून ब्लडप्रेशरची गोळी चालू असलेली. बाकी तिघे आमच्या पहाटेच्या धावण्याच्या गटातले.

तयारी सुरू होते ती तपासणीपासून

तिकीट काढण्याआधी मी माझ्या फिजिशियनकडे गेले. डॉक्टरने स्वतःचं डॉक्टर होऊ नये, हे माझं पहिलं पथ्य. ईसीजी, ताणचाचणी, हिमोग्लोबिन, शुगर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम एवढं तपासलं. चाळिशीनंतर किंवा घरात कुणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल तर मोठ्या शर्यतीआधी ही तपासणी टाळू नका.

खरी चर्चा झाली ती गोळीबद्दल. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या किडनीतल्या रक्तप्रवाहावर परिणाम करतात. एरवी त्या किडनीसाठी चांगल्याच असतात. पण बारा तास घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना त्याच गोळीमुळे किडनी अडचणीत येऊ शकते. माझ्या फिजिशियनने शर्यतीच्या सकाळची गोळी वगळायला सांगितली आणि दुसऱ्या दिवशी नीट खाणंपिणं व लघवी सुरू झाल्यावर पुन्हा घ्यायला सांगितली. हा निर्णय माझ्यापुरता होता. तो वाचून कृपया स्वतःची गोळी बंद करू नका. लघवी वाढवणारी गोळी असेल किंवा मधुमेहाच्या ‘फ्लोझिन’ने शेवट होणाऱ्या नावाच्या गोळ्या असतील, तर लांब पल्ल्याच्या श्रमाआधी आपल्या डॉक्टरांशी बोलायलाच हवं. पहिल्या गोळीने शरीरातलं सोडियम कमी होऊ शकतं. दुसरीमुळे, खाणं कमी आणि श्रम जास्त असताना, रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो.

विमान कुठून जातं, हेही वैद्यकीय प्रश्न

मुंबईहून डरबनला जाताना वाटेत विमान बदलावं लागतं. कुणी आखाती देशांतून जातं, तर कुणी पूर्व आफ्रिकेतून. केनिया, इथिओपिया हे पिवळ्या तापाचे देश मानले जातात. तिथे बारा तासांपेक्षा जास्त थांबलात तर दक्षिण आफ्रिका पिवळ्या तापाच्या लसीचं प्रमाणपत्र मागते. शिवाय परत येताना आपल्याकडचे आरोग्य अधिकारीही याबाबतीत कडक असतात. प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवस विलगीकरणात जाण्याची वेळ येऊ शकते. ही लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, दिल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य धरली जाते आणि एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पण ती जिवंत विषाणूंची लस आहे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना ती देत नाहीत. साठीच्या पुढच्यांनी, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी नीट सल्ला घ्यावा. आमच्या गटातले एक काका ६३ वर्षांचे. त्यांच्यासाठी आम्ही थोडे जास्त पैसे मोजून दुबईमार्गे तिकीट काढलं आणि लसीचा प्रश्नच मिटवला.

डरबन आणि पीटरमारिट्झबर्ग इथे मलेरिया नाही. पण शर्यतीनंतर बरेच जण क्रूगरच्या जंगलात प्राणी बघायला जातात आणि तिकडे मलेरिया आहे. जाणार असाल तर प्रतिबंधक गोळ्या निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात. तिथे पोहोचून डास चावल्यावर नव्हे.

प्रवासविमा घेताना बारीक अक्षरं वाचा. स्पर्धेत झालेली दुखापत किंवा आधीपासूनचा आजार काही पॉलिसींमध्ये वगळलेला असतो. ते आम्ही लेखी विचारून घेतलं.

शर्यतीचं सामान हातातल्या बॅगेत

मोठी बॅग चुकली तर नवे कपडे मिळतात. सहाशे-सातशे किलोमीटर सरावात मुरलेले बूट मिळत नाहीत. नव्या बुटांत ९० किलोमीटर म्हणजे फोडांना आमंत्रणच. म्हणून बूट पायात आणि बाकीचं हातातल्या बॅगेत: धावण्याचे कपडे, दोन जोड्या मोजे, टोपी, घड्याळ व चार्जर, रोजची औषधं, चष्मा आणि सगळी कागदपत्रं.

औषधांबाबत तीन गोष्टी पाळा.

१. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा. डबीत सुट्या गोळ्या दिसल्या की विमानतळावर प्रश्न विचारले जातात.

२. डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर ठेवा आणि तिच्यात औषधाचं मूळ नाव लिहून घ्या. आपल्याकडची ब्रँडची नावं परदेशी दुकानदाराला कळत नाहीत.

३. जितके दिवस जाणार त्यापेक्षा आठवडाभराच्या गोळ्या जास्त घ्या आणि त्यातल्या थोड्या सोबतच्या माणसाच्या बॅगेत ठेवा.

एनर्जी जेल, व्हॅसलीन यांना विमानतळावर द्रवपदार्थच समजतात. तेव्हा १०० मिलिलिटरची मर्यादा लक्षात ठेवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच हवी, कात्री मात्र मोठ्या बॅगेत. तिथला प्लग आपल्या गीझरच्या जाड तीन पिनांच्या प्लगसारखा असतो. वेळेचा फरक साडेतीन तासांचा आहे, त्यामुळे झोपेचा फार गोंधळ होत नाही. तरीही आम्ही चार दिवस आधी पोहोचलो, कारण प्रवासाचा शीण, बदललेलं पाणी आणि पोट यांना तेवढे दिवस हवेत.

औषधांच्या पिशवीत काय होतं, काय नव्हतं

होतं ते सांगते: थर्मामीटर, पॅरासिटामॉल, ओआरएसची छापील पाकिटं, जुलाब आणि उलटीची गोळी, ॲलर्जीची गोळी, कापसाची गुंडाळी, जंतुनाशक, फोडांवर लावायची पांढरी चिकटपट्टी आणि व्हॅसलीनची डबी. व्हॅसलीनला हसू नका. काख, मांड्यांचा आतला भाग, बायकांना छातीखालचा पट्टा, पुरुषांना स्तनाग्रं, जिथे जिथे कपडा घासतो तिथे बारा तासांत कातडी सोलवटून निघते. आणि हो, निघण्याच्या चार दिवस आधी पायांची नखं नीट सरळ कापली. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो आणि वाढलेलं नख काळं पडून निघून येतं.

नव्हतं ते जास्त महत्त्वाचं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीची एकही वेदनाशामक गोळी मी नेली नाही. लांब शर्यतीत स्नायूंच्या पेशी तुटतात, त्यांतली प्रथिनं रक्तातून किडनीत जातात. त्यात शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. अशा वेळी ही गोळी किडनीचा उरलासुरला रक्तपुरवठाही कमी करते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ८० किलोमीटरच्या टप्प्यात काही धावपटूंना आयबुप्रोफेन आणि काहींना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी दिली होती. आयबुप्रोफेन घेतलेल्या गटात सुमारे ५२ टक्के लोकांच्या किडनीला तात्पुरती इजा दिसली, दुसऱ्या गटात ३४ टक्क्यांना. मला माझा स्वभाव माहीत आहे. पिशवीत गोळी असती तर सत्तराव्या किलोमीटरला हात तिकडे गेला असता. जे घ्यायचं नाही ते बरोबर न्यायचंच नाही, हा सोपा उपाय.

पाणी कमी पडू देऊ नका, पण जास्तही पिऊ नका

आपल्या सगळ्यांच्या डोक्यात ‘भरपूर पाणी प्या’ हे पक्कं बसलेलं आहे. पण नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. नेहमी ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असतं. फार खाली गेलं की डोकेदुखी, मळमळ, गोंधळ, झटके आणि क्वचित मृत्यूही. गंमत म्हणजे वैद्यकशास्त्राला हा धडा मिळाला तो प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेतल्या लांब पल्ल्याच्या शर्यतींतूनच. १९८५ साली टिम नोक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे चार रुग्ण नोंदवले, पाणी कमी पडून नव्हे तर जास्त झाल्याने कोसळलेले.

म्हणून नियम साधा आहे. तहान लागली की प्या, लागली नाही तर प्रत्येक टेबलावर पिण्याची गरज नाही. कॉम्रेड्समध्ये पाणी छोट्या पिशव्यांत मिळतं. दातांनी कोपरा फाडायचा, अर्धं प्यायचं, उरलेलं डोक्यावर ओतायचं. वाटेत मीठ लावलेले उकडलेले बटाटे मिळतात. ते मला कोणत्याही जेलपेक्षा मानवले. धावताना बोटातली अंगठी घट्ट होऊ लागली, हात सुजले, पोट फुगलं, तर पाणी थांबवा आणि वैद्यकीय मदत घ्या. लघवी कोलासारखी काळपट झाली तर शर्यत तिथेच संपवायची.

पहाटेची थंडी

जून म्हणजे आपल्याकडे पावसाची वाट बघण्याचा महिना, तिकडे हिवाळा. डरबनला दुपारी सुखद ऊन असतं, पण वर पीटरमारिट्झबर्गला पहाटे हात गोठतात. याच शहराच्या रेल्वे स्टेशनवर ७ जून १८९३ च्या रात्री गांधीजींना गाडीतून उतरवलं होतं. पुन्हा अपमान नको म्हणून त्यांनी सामानातला ओव्हरकोटही मागितला नाही आणि ती रात्र थंडीत कुडकुडत काढली, असं त्यांनी आत्मचरित्रात सांगितलं आहे. आम्ही शर्यतीआधी तिथे जाऊन आलो. जूनमधली तिथली थंडी काय असते ते अंगावर घेतल्याशिवाय त्या रात्रीची कल्पना येत नाही.

बस डरबनहून मध्यरात्रीनंतर निघते, मग सुरुवातीच्या रेषेमागे तासभर उभं राहावं लागतं. आम्ही घरातून जुने स्वेटर नेले होते. अंग तापलं की ते रस्त्याच्या कडेला काढून ठेवायचे. तिथली गरजू माणसं ते उचलून नेतात, त्यामुळे धुतलेले आणि धड असलेलेच न्यावेत. शेवटाला मिळणाऱ्या पिशवीत कोरडे कपडे, शाल आणि सपाता ठेवल्या. शर्यत संपल्यावर शरीर झपाट्याने गार पडतं.

खाणं ओळखीचं हवं

शर्यतीच्या आधी नवा पदार्थ चाखायचा नाही. डरबनमध्ये १८६० पासून आलेल्या भारतीयांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे डाळ-भात मिळतो, पण तो चांगलाच तिखट असू शकतो. मी मेतकूट, राजगिऱ्याचे लाडू, गूळ-शेंगदाण्याची चिक्की आणि खजूर नेले होते. शर्यतीच्या आदल्या रात्री मेतकूट-भात. ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ मात्र घरीच ठेवले, कारण ते परदेशात नेण्यावर निर्बंध असतात.

बॅगेतला सर्वांत महत्त्वाचा कागद

निघण्याआधी पंधरा दिवस आम्ही चौघे आमच्या घरी बसलो आणि एका कागदावर लिहिलं की कोणत्या परिस्थितीत धावायचं नाही किंवा थांबायचं. ताप असेल तर सुरुवात करायची नाही. छातीत दुखलं, चक्कर आली, बोलणं अडखळलं, लघवी काळी झाली तर थांबायचं. खाली चौघांच्या सह्या केल्या. घरच्यांनाही एकेक प्रत दिली. त्या संध्याकाळी सगळ्यांना ती गंमतच वाटली होती.

शर्यत रविवारी होती. शुक्रवारी दुपारी आमच्यातल्या सर्वांत तयारीच्या धावपटूने माझ्या खोलीचं दार वाजवलं. सहकारी बँकेत नोकरी, वय ४४. अंग दुखत होतं, घसा बसला होता. थर्मामीटर लावला, १०१. रात्री पुन्हा १०१. शनिवारी सकाळी पॅरासिटामॉलशिवाय १००.४.

त्यांचं काय पणाला लागलं होतं ते सांगायला हवं. २०२२ साली त्यांनी ही शर्यत पहिल्यांदा पूर्ण केली होती. पहिली आणि दुसरी कॉम्रेड्स लागोपाठच्या वर्षी पूर्ण करणाऱ्याला एक वेगळं पदक मिळतं. ते आयुष्यात एकदाच मिळू शकतं. हे वर्ष हुकलं की कायमचं हुकलं. वर्षभर रोज पहाटे साडेतीनला उठले होते. मुलीच्या क्लासची फी भरून उरलेल्या पैशांतून तिकीट काढलं होतं.

“डॉक्टर, पॅरासिटामॉल घेऊन हळूहळू धावलो तर? नाक वाहतंय तेव्हा आपण सरावाला धावतोच की.”

मी त्यांना समजावलं. नुसतं नाक वाहत असेल, घसा थोडा खवखवत असेल, म्हणजे त्रास मानेच्या वरच असेल, तर हलका व्यायाम चालतो. ताप, अंगदुखी, छातीतला खोकला म्हणजे आजार सगळ्या शरीरात आहे. असा विषाणू कधी कधी हृदयाच्या स्नायूपर्यंतही पोहोचतो. त्यावर बारा तासांचे श्रम पडले तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, प्रसंगी जीव जाऊ शकतो. आणि गोळीने तापाचा आकडा उतरतो, विषाणू तसाच राहतो.

ते म्हणाले, “शक्यता किती?”

मी म्हटलं, “कमी आहे. पण ती तुमच्या वाट्याला आली तर वहिनींना फोन मला करावा लागेल.”

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग स्वतःच तो कागद काढून वाचला, घडी घातली आणि म्हणाले, “सही माझीच आहे.” त्या दिवशी ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत. मला त्याचं वाईट वाटलं, पण तो सल्ला मी आजही तसाच देईन.

रविवारी सकाळी त्यांचा ताप उतरला होता. हॉटेलात थांबायला सांगूनही दुपारी ते मास्क लावून शेवटाजवळ आले आणि दोरीपलीकडे खुर्ची टाकून बसले. मी ११ तास २२ मिनिटांनी पोहोचले. काका माझ्या थोडे मागे, बारा तासांच्या आत. चौथ्या मित्राने ७२ व्या किलोमीटरला उलट्या सुरू झाल्यावर स्वतःहून बस पकडली होती. बँकेतले आमचे मित्र परत आल्यावर ईसीजी आणि रक्त तपासून, तीन आठवड्यांनी पुन्हा धावू लागले. ते पदक त्यांना आता मिळणार नाही. पहाटेच्या सरावाला मात्र ते आमच्या आधी हजर असतात.

परतीचा प्रवास

शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी विमानात बसू नका. शरीरातलं पाणी कमी, पाय सुजलेले आणि त्यात तासन्‌तास एका जागी बसणं, यामुळे पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. आम्ही दोन दिवस थांबलो. विमानात दर तासाला उठून चाललो, बसल्या जागी घोटे फिरवले. एकाच पोटरीत दुखणं, सूज, लाली आली किंवा अचानक दम लागला तर स्नायू आखडला असेल म्हणून घरी चोळत बसू नका, ताबडतोब दवाखाना गाठा.

तुम्ही कुठेही निघा, एवढं करा

- दीड-दोन महिने आधी डॉक्टरांना भेटा आणि चालू औषधांचं प्रवासात काय करायचं ते विचारा.
- रोजची औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत ठेवा.
- पायातली चप्पल-बूट जुने, सवयीचे असू द्या.
- वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नका. वारीत पाय दुखले म्हणून रोज दोन-दोन गोळ्या घेणारे आणि मग क्रिएटिनिन वाढून येणारे पेशंट मी पाहिले आहेत.
- एका चिठ्ठीवर नाव, रक्तगट, आजार, औषधं, ॲलर्जी आणि घरचा फोन नंबर लिहून जवळ ठेवा. मी ते छातीवरच्या क्रमांकाच्या मागे लिहिलं होतं.
- कोणत्या लक्षणाला थांबायचं, मागे फिरायचं, हे घरी असतानाच कागदावर लिहा आणि सोबतच्या माणसाला दाखवा. केदारनाथच्या वाटेवर धाप लागल्यावर किंवा शर्यतीच्या आदल्या रात्री हा निर्णय नीट घेता येत नाही.

तुमच्या आजाराप्रमाणे यात बदल करावे लागतील, तेव्हा हा लेख वाचून थेट बॅग भरू नका. आधी आपल्या डॉक्टरांना दाखवा आणि मग निवांत निघा. प्रवासाला शुभेच्छा!